कळशीमागचा चेहरा

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
२ मे २०२५

प्रिय रुच्या,

तू, राजेश आणि तुमची जान्हवी मजेत असाल असं धरून चालते. मुलुंडची हवा मानवली असेल. आम्ही ठीक. मम्मीचे गुडघे कुरकुरतात, पप्पा त्याहून जास्त कुरकुरतात. गच्चीवर मिरच्या वाळत पडल्यात आणि सगळं गावठाण शिंकतंय. बाटली मसाल्याचे दिवस आहेत ना. यंदा मम्मीने मला भाजायला बसवलं नाही. मागच्या वर्षी माझ्या हातून धणे काळे झाले, ते ती अजून विसरलेली नाही.

हा एवढा चौकोनी पुठ्ठा आणि त्यावर जाड मार्करने लिहिलेलं पत्र बघून तू नक्की म्हणाली असशील की हिची नाटकं काही गेली नाहीत. पुठ्ठा एलपीच्या कव्हरच्या मापाचा आहे. असे बरेच पुठ्ठे सध्या घरात पडून आहेत, त्याचं कारण पुढे सांगते. आणि पत्र का, फोन का नाही, तर एक म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस. दुसरं म्हणजे मला टाईप करायचा कंटाळा येतो. तिसरं काही नाही.

बातम्या दोन. पहिली ऐकून खाली बस. ॲश्टनचं लग्न ठरलंय! माझा हा म्हातारा भाऊ अखेर नवरा म्हणून उभा राहतोय. मुलगी वसईची आहे, त्याला ऐकवते, आणि त्याच्या गिटारवर तिने आत्तापासूनच वेळ बांधून दिलीय. लग्न एकतीस मेला, आणि आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी, बावडीवरून कळशीने वाजतगाजत आणायचं. बँडवाले ठरलेत. बावडीवर आता महापालिकेची जाळी आहे, पण कोपऱ्यात एक झाकण ठेवलंय, तेवढ्यातून कळशी जाते. ॲश्टन रोज विचारतो, "रुच्याला सांगितलंस का?" झालं, सांगितलं.

दुसरी बातमी. बोरिवलीला संघमित्रा नावाची एक मुलगी आहे. राहत्या फ्लॅटमधूनच तिची छोटी रेकॉर्ड कंपनी चालते. आपल्यासारख्या विसरलेल्या बँडना शोधून काढते आणि त्यांच्या एलपी काढते. तिला आपली 'पाहुणे गेल्यावर' काढायचीय. होय, 'ओला टॉवेल' या महान बँडची एकुलती एक सीडी, जी आपण ओळखीच्या लोकांच्या गळ्यात मारली होती. ती म्हणे कॉलेजात असताना तिला चोर बाजारात मिळाली, आणि गाणी ऐकण्याआधी ती कव्हरच बघत बसली. मला विचारते, "ताई, हे सगळं मुद्दाम केलं होतं ना?" मी म्हटलं हो. आता काय सांगायचं तिला!

रुच्या, तुला आठवतं का, वर्सोव्याला मेलरॉयच्या माडीवर आपण कव्हरं बघत बसायचो? तो ड्रम पुसत बसायचा आणि आपण तिघं त्याच्या कॉम्प्युटरला चिकटलेलो. इंटरनेट इतकं हळू की कव्हर वरून खाली उतरत यायचं. आधी आकाश यायचं. मग बराच वेळ आकाशच. ॲश्टन म्हणायचा, हे लोक मुद्दाम आकाश टाकतात, आपली परीक्षा बघायला. आणि शेवटी, अगदी खाली कोपऱ्यात, एक खुर्ची. किंवा पाठमोरा कुणीतरी. बँडचं नाव असलंच तर मुंगीएवढ्या अक्षरात, आणि तेही हाताने लिहिलेलं. कुणाच्या तरी बालपणीचा फ्लॅश उडालेला फोटो, लाल डोळे तसेच. कात्रीने कापून चिकटवलेलं डोकं, त्या जागी फूल. सगळं उन्हात ठेवून विटवल्यासारखं.

मी वेडी झाले होते त्या कव्हरांनी. तू मात्र ओरडायचीस, "ह्या लोकांना आपली तोंडं दाखवायची लाज वाटते काय?" तुझ्या बाबांच्या भजनी मंडळाची कॅसेट तू एकदा घेऊन आली होतीस. तिच्यावर सगळे सभासद आपापल्या गोलात, पेटीवाल्यासकट, केसांना तेल लावून. तू म्हणालीस, "हे बघ, याला म्हणतात कव्हर. कोण गातंय ते कळतं." आम्ही हसलो होतो. मेलरॉय तर खुर्चीवरून पडला.

आणि मग तो रोल. तो तूच कॅमेऱ्यात घातला होतास, हे मी अजूनही सगळ्यांना सांगते. पप्पा काढून झालेला रोल पूर्ण आत गुंडाळत नाहीत, फिल्मची जीभ बाहेर ठेवतात आणि तिचं टोक दुमडतात. दुमड असेल तर रोल झालेला, सरळ असेल तर कोरा. आमच्या घरात हे मांजरालाही माहीत होतं. तुला नव्हतं. तू दुमडलेलं टोक नखाने सरळ केलंस, वर मला म्हणालीस, "तुझ्या पप्पांना रोल नीट ठेवता येत नाही." आणि आपण वर्सोव्याच्या धक्क्यावर जाऊन बँडचे फोटो काढून आलो. पर्लच्या लग्नाच्या उंबराच्या पाण्यावर!

पर्ल माझी सख्खी चुलत बहीण, आणि त्या संध्याकाळचे तेवढेच फोटो होते. ती दोन पावसाळे आमच्याकडे पाणी प्यायली नाही. पण धुवून आलेल्या त्या फिल्मवर काय उमटलं होतं ते तू पाहिलंस ना. बोटींच्या शिडातून वाजंत्री चाललेत. सुकायला घातलेल्या बोंबलांवरून बायकांची लुगडी जातायत. ॲश्टनच्या छातीतून बावडीचा काठ दिसतोय. दोन चित्रं नीट जुळली नव्हती, म्हणून डावीकडे एक उभी पट्टी आलेली. लोक असलं काही व्हावं म्हणून जीव टाकतात, आपल्याला ते चुकीने मिळालं.

त्यातल्या दोन फ्रेम चांगल्या होत्या. एकीत तू धक्क्यावर उभी आहेस, आणि तुझा चेहरा आंब्याखालच्या काळोखावर आल्यामुळे स्वच्छ दिसतोय. दुसरीत तू तशीच उभी, पण पप्पांचा फ्लॅश मम्मीच्या डोक्यावरच्या कळशीवर पडलाय, आणि ती कळशी बरोबर तुझ्या तोंडावर. खाली मानेपासून तू, वर नुसता पितळी उजेड. मी दुसरी निवडली. अख्खा बँड एका फोटोत कशाला, कोपऱ्यात दोघे पाठमोरे आहेत तेवढे पुरे, असंही मीच ठरवलं.

तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. सीडी आल्यानंतर, कार्यक्रमाच्या हॉलच्या जिन्यात, बास गिटार पाठीवर, सगळ्यांसमोर. "तुला माणसं दिसत नाहीत गं नॅटली, तुला फक्त चित्रं दिसतात." आणि गेलीस. बँडही त्या जिन्यातच संपला.

मी चुकले होते असं मला आजही वाटत नाही. ते कव्हर बरोबर होतं. संघमित्राला तेच हवंय, मोठं, एलपीच्या मापाचं. पण ती कामाला पक्की आहे. फोटोतल्या प्रत्येकाचा होकार असल्याशिवाय छापणार नाही म्हणते. ॲश्टन, मेलरॉय, मम्मी, सगळ्यांनी हो म्हटलंय. राहिलीस तू. जूनच्या सुरुवातीला छपाईला जायचंय. या पुठ्ठ्याच्या पाठीमागे होकाराची एक ओळ लिहून पाठव, बस.

लग्नाला ये. नाही आलीस तरी ओळ पाठव.

जुनीच,
नॅटली

*

मुलुंड (पूर्व)
११ मे २०२५

नॅटली,

प्रिय वगैरे नंतर बघू.

तुझा पुठ्ठा पोचला. कुरिअरवाला विचारत होता, "मॅडम, टीव्हीचा खोका फाडला काय कुणी?" मी ऑफिसच्या साध्या कागदावर लिहितेय, माझ्यात तेवढी कला नाही. तुला ब्लॉक केल्याचं मी विसरूनही गेले होते. आता काढलंय. पण उत्तर पत्रानेच देते, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस आणि माझं राहून जातं.

ॲश्टनचं अभिनंदन कर. खरंच आनंद झाला. राजेशला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आता तुमच्या बँडमध्ये कुणीच वाया गेलेलं उरलं नाही." मी म्हटलं, एक आहे.

आता तुझ्या होकाराबद्दल. नाही.

थांब, उड्या मारू नकोस. एक गोष्ट सांगते, मग ठरव. ही मी कुणाला सांगितलेली नाही, राजेशला पण नाही.

सीडी आली त्या दिवशी मी एक घरी नेली. घाटकोपरच्या चाळीत आमच्या बाबांना, नंदू सावंतांना, मुलीने गाणं छापून आणलंय याचं केवढं कौतुक! गिरणी गेली त्यानंतर माणूस एवढा खूश मी कधी बघितला नव्हता. इंग्रजी-मराठी खिचडी गाणी, त्यांना त्यातलं काही कळलं नाही. पण कव्हर त्यांनी सदऱ्याला पुसलं आणि निघाले दाखवायला. अख्खा मजला फिरले. मी मागे. सगळीकडे एकच प्रश्न, "नंदूशेट, यात रुचिरा खंय?" आणि बाबा बोट ठेवून सांगायचे, "ह्या कळशेच्या पाठीमागे माझा चेडू आसा." प्रत्येक दारात. लोक एकमेकांकडे बघायचे. शेवटच्या खोलीतल्या मालनमावशीने तर विचारलं, "मगे तिका लपवल्यानी कित्याक?" तेव्हा बाबा तिथूनच मागे फिरले. घरी आले आणि सीडी त्यांच्या कॅसेटच्या शेजारी लावून ठेवली. ती पेटीवाल्याची कॅसेट, तुम्ही हसला होतात ती.

मी त्यानंतर जिन्यात ते बोलले. तुला वाटलं मला माझं तोंड मिरवायचं होतं. मला नव्हतं गं. त्यांना हवं होतं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात जान्हवीला ती सीडी सापडली. आठ वर्षांची आहे, चोंबडी आहे. उलटीसुलटी करून म्हणाली, "आई, तू कुठेयस यात?" आणि माझं बोट, तुला शपथेवर सांगते, त्या कळशीवर गेलं. तेव्हा मला रडू आलं. आणि सगळ्यात वाईट काय सांगू, ते कव्हर चांगलंच आहे. मला तेव्हाही माहीत होतं. वाईट असतं तर मी एवढी भडकले नसते.

तर माझा होकार हवा असेल तर ती पहिली फ्रेम लाव. ज्यात मी दिसते ती. नाहीतर मी नाही.

बाकी फुटकळ. तुझ्या अक्षराचं काय झालंय? ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, दोन ठिकाणी तू लिहिलेल्यावरच परत लिहिलंयस. पिऊन लिहिलंस की चष्मा लागला, म्हातारे? लागला असेल तर लावून लिहीत जा, लाज कसली. आणि मम्मीला नमस्कार. तिची आठवण येते. फक्त तिला सांगू नकोस, पण तिचं ते सोरपोतेल मी आयुष्यात एकदाही खाल्लं नाही. डुक्कर मला जात नाही. दर वेळी खिडकीतून तुमच्या मांजराला घालायची आणि वर "झकास झालंय आंटी" म्हणायची.

लग्नाचं बघते. सुट्टीचं कठीण आहे.

रुचिरा

*

मरोळ गावठाण
१८ मे २०२५

प्रिय रुच्या,

प्रिय मी लिहिणारच.

तुझं पत्र मम्मीने वाचून दाखवलं. मोठ्याने, स्वयंपाकघरात, बोट ठेवून एकेक शब्द, चर्चमध्ये वाचतात तसं. सोरपोतेलसकट. त्या वाक्याशी ती थांबली, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "तरीच ती मांजर इतकी जाडी झालेली." पप्पा हसता हसता खोकले. मम्मी रागावलेली नाही, पण लग्नात तुला वेगळं ताट वाढणार म्हणते, कोंबडीचं, आणि शेजारी बसून बघणार की तू खातेस.

पण त्याआधी बाबांचं वाचताना तिने कागद खाली ठेवला होता. मला म्हणाली, "माझी कळशी गं ती." जणू तिनेच जाऊन मध्ये धरली होती.

मला यातलं काही माहीत नव्हतं, रुच्या. माहीत असतं तर मी फ्रेम बदलली असती का? तुझ्याशी खोटं बोलत नाही. तेव्हा नसती बदलली. विशी-बाविशीचं वय, डोक्यात ती कव्हरं, कुणाचे बाबा दारोदार फिरून बोट ठेवतायत याने माझ्यावर काही फरक पडला नसता. आज पडतो. काल दिवसभर मला तुझे बाबा दिसत होते, तो इस्त्रीचा सदरा, आणि ती सीडी पुसणं. मी त्यांना दोनदाच भेटले असेन. मला फार वाईट वाटलं, एवढं साधं लिहिते, याहून चांगलं लिहिता येत नाही.

आता तू विचारशील की पत्र मम्मीने का वाचलं. चष्मा लागला का म्हणालीस. चष्म्याचं असतं तर बरं झालं असतं गं.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. दोन्ही डोळ्यांचा. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी वाटलं, स्क्रीनसमोर बसून बसून थकले असतील. मग धणे जळले. मग एकदा चर्चबाहेर पर्ल समोर उभी राहिली आणि मी तिला ओळखलंच नाही. तिला वाटलं, फोटोंचा राग मी आता काढतेय. डॉक्टर म्हणाल्या, यावर औषध नाही, पण आंधळी होणार नाहीस, कडा राहतील. मधलं जातं, कडा राहतात. दिव्याखाली, जाड मार्करने, मोठं मोठं लिहिलं तर अजून लिहिता येतं. वाचता येत नाही. डिझाइनचं काम वर्षभरापासून बंद आहे. आई-वडील आणि ॲश्टन सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. संघमित्रालाही नाही.

गंमत सांगू? मला हल्ली सगळं आपल्या कव्हरांसारखं दिसतं. विटलेले रंग, भरपूर आकाश, मधोमध धुरकट काहीतरी, आणि सगळं महत्त्वाचं अगदी कोपऱ्यात. तेव्हा मी लेन्सला व्हॅसलिन फासायची, फोटो उन्हात टाकायची, प्रिंट सँडपेपरने घासायची. आता नुसती खिडकीतून बाहेर बघते, झालं कव्हर तयार. पहिल्यांदा हे सुचलं तेव्हा मी एकटीच हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून, मम्मीला कळू नये म्हणून. तिला कळलंच.

आणि तुझं ते जिन्यातलं वाक्य. माणसं दिसत नाहीत. रुच्या, माणसांची तोंडंच जातात यात सगळ्यात आधी. ज्याच्याकडे बघावं त्याच्या खांद्यावर काहीच नाही. तू काही शाप वगैरे दिला नव्हतास हे मला कळतं, तुझ्यात तेवढी ताकद नाही. तरी डॉक्टर समजावत होत्या तेव्हा माझ्या कानात तू बोलत होतीस. तू हे वाचून स्वतःला काही लावून घेऊ नकोस. मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि हे कळेल असं दुसरं कुणी नाही.

म्हणूनच मला घाई होती. खरं कारण लिहायला नको म्हणून मी टाईप करायचा कंटाळा लिहिला. एलपी हे माझं शेवटचं कव्हर. ते मला स्वतः करायचंय, डावा डोळा थोडाफार काम देतोय तोवर. म्हणून संघमित्राकडून ते पुठ्ठे आणून ठेवले, मोठ्या आकारात जमेल म्हणून.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी ॲश्टनने खोलीत चादर लावली आणि दोन्ही फ्रेम प्रोजेक्टरने भिंतीएवढ्या करून दाखवल्या. बोटी दिसल्या. मम्मीचे अनवाणी पाय दिसले, लुगड्याचा काठ दिसला, ती डावीकडची पट्टी दिसली. कोपऱ्यात मेलरॉयची पाठ दिसली. मी म्हटलं, आता दुसरी लाव. तो म्हणाला, "ही दुसरीच आहे." मी म्हटलं, मग मघाची लाव. त्याने लावली. आलटून पालटून लावत राहिला बिचारा.

मला दोन्ही सारख्याच दिसतात, रुच्या. एकीत कळशीने तुझं तोंड झाकलंय, दुसरीत माझ्या डोळ्याने. ज्या दोन फ्रेमवरून आपण इतकी वर्षं बोललो नाही, त्या मला आता वेगळ्या सांगता येत नाहीत. ॲश्टनला विचारलं, कशी दिसते ती? तर म्हणतो, "रुच्यासारखी." भाऊ असावा तर असा!

तेव्हा मी नाही निवडणार. होकार-नकाराचं सोडून दे. तू ये, आणि भिंतीसमोर उभी राहून निवड. तुझं तोंड लावायचं म्हटलंस तर तुझं तोंड. कळशी म्हटलंस तर कळशी, पण मग जान्हवीला सगळं सांगून. अक्षरं मी लिहीन, मार्करने, या पत्रातल्यासारखी, एकमेकींच्या अंगावर चढलेली. संघमित्रा पुन्हा विचारेल, हे मुद्दाम केलंत ना? मी हो म्हणेन. आणि कोपऱ्यात कुठेतरी एका गोलात मला तुझे बाबा हवेत, भजनी कॅसेटवरचेच, तेल लावलेले. कॅसेट असेल तर घेऊन ये. हे मात्र मी ठरवलंय, यावर वाद नको.

तीस तारखेला संध्याकाळी ये, उंबराच्या पाण्याला. सुट्टीचं कठीण असेल तर अर्धा दिवस टाक. जान्हवीला आण. मम्मीने तुझ्यासाठी तिचं लाल लुगडं काढून उन्हात घातलंय. "ती घाटकोपरची पोर येनार ना नक्की?" हे तिने आज चौथ्यांदा विचारलं. यंदा कळशी तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. कुणी घ्यायची यावर काकवांचं भांडण चाललंय, आणि तिने कुणालाच हो म्हटलेलं नाही.

फोटो पप्पा काढणार नाहीत, हात थरथरतात. मीही काढणार नाही. कॅमेरा पर्ल धरणार आहे, तिने मागून घेतलाय, बदला म्हणून. फडताळातला रोल मी स्वतः काढून ठेवलाय. जिभेचं टोक बोटाने तपासलं. सरळ आहे. पप्पांची ती दुमड मला आता डोळ्यांपेक्षा जास्त कामाची आहे. तू फक्त कॅमेऱ्याला हात लावू नकोस.

आणि एक शेवटचं, म्हणजे दारात गोंधळ नको. तू आलीस की तुला वाटेल, ही बया माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी तुझ्या कानाच्या बाजूला, भिंतीकडे कुठेतरी बघत असेन. तेव्हा भडकू नकोस आणि पाय आपटत जिना उतरू नकोस. सरळ बघितलं की तू जातेस. जरा कडेला बघितलं की येतेस, थोडी फिकट, पण तोंडासकट. मी सराव केलाय, मम्मीवर. म्हणून उंबऱ्यात थोडा वेळ नुसती उभी राहा. बोलू नकोस. मला तुझा चेहरा बघायचाय.

अजून बघणारी, तुझी
नॅटली